हक्काला पत्ता असतो : नाशिकमध्ये पहिला अर्ज लिहिणाऱ्यांसाठी

सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालयाच्या आसपास अर्जावर लावायची कोर्ट फी तिकिटं मिळतात. "दहाचं एक द्या" असं पहिल्यांदा म्हणताना माझा आवाज उगाच खाली गेला होता, जणू कोणाची चहाडी करायला निघालोय. त्याला बरीच वर्षं झाली. हल्ली रविवारी सकाळी सिडकोतल्या आमच्या घरी दोन-तीन जण कागदांची पिशवी घेऊन बसलेले असतात. कोणी सुरगाण्याहून येऊन अंबडच्या कंपनीत लागलेला, कोणी धुळ्याहून लग्न होऊन आलेली. पहिला प्रश्न बहुतेक एकच: "काका, हा आपला हक्कच आहे ना?" मी म्हणतो, असेल, पण तो राहतो कुठे? कोणत्या कायद्यात, कितव्या कलमात, कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि किती दिवसांच्या मुदतीत? ही चार उत्तरं हाताशी असली की निम्मं काम झालं. ती शोधायची कशी, ते इथे सांगतो.

पहिली पायरी : समोर कोण आहे ते बघा

संविधानातले मूलभूत हक्क मुख्यतः सरकारला बांधतात. महापालिका, तहसील, पोलिस, सरकारी कंपनी ही सगळी त्या अर्थाने 'राज्य'च; तसं अनुच्छेद १२ सांगतो. घरमालक किंवा खासगी ठेकेदार यांच्याशी वाद असेल तर त्यांना बांधणारा वेगळा कायदा शोधावा लागतो. याला अपवाद आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात ठळक अपवादामागची लढाई आपल्या पंचवटीतच लढली गेली.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, इथली आघाडी दादासाहेब गायकवाडांकडे. मंदिराची दारं बंद केली गेली, रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, आणि लढा पुढे काही वर्षं चालला. सत्याग्रहींच्या बाजूने न्याय होता, माणसं होती, पण हातात दाखवायला कायदा नव्हता. तो संविधानाने दिला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि हा अनुच्छेद सरकारला लागू आहे तसा पुजाऱ्याला, दुकानदाराला, शेजाऱ्यालाही लागू आहे. पाठोपाठ १९५६ मध्ये हिंदू सार्वजनिक पूजास्थानांत प्रवेशाचा राज्याचा कायदा झाला. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

गोष्ट इथे संपत नाही. हाच कायदा साठ वर्षं कपाटात होता. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर महिलांना जाऊ देण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा १ एप्रिलला न्यायालयाने सरकारला याच १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिली: तो स्त्रियांनाही संरक्षण देतो, अंमलबजावणी करा. त्याच महिन्यात आपल्या त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्याचा प्रश्न पेटला. तिथे आधी काय झालं, तर पुरुषांनाही गाभारा बंद करण्यात आला. समान वागणूक म्हणजे समान बंदी, असाही अर्थ काढता येतो हे त्या आठवड्यात कळलं. नंतर महिलांना प्रवेश मिळाला. तुमच्या अडचणीसाठी नवा कायदा हवा असं वाटत असेल, तर आधी जुना शोधून नीट वाचा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण नाशिकमध्ये नवा आलेला माणूस पहिल्यांदा अडकतो तो इथेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेलाच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. कलम २९ प्रमाणे घरमालकाला पाणी-वीज तोडून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. हे दोन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

दुसरी पायरी : कोणतं सरकार

नाशिकमध्ये चार-पाच सरकारं एकमेकांच्या शेजारी नांदतात. रस्ता, गटार, घरपट्टी, जन्मदाखला शहरात असाल तर महापालिकेचा. मुख्यालय राजीव गांधी भवनात, पण रोजची कामं सहा विभागीय कार्यालयांत चालतात: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. देवळालीत कटक मंडळ, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड, वेगळं. शहराची हद्द ओलांडली की जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत. सातबारा तलाठ्याकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडे. पोलिसांचंही तसंच, शहराला आयुक्त आणि ग्रामीणला अधीक्षक.

फरक का पडतो? नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस बघा. तिथे पासपोर्ट छापले जातात, टपाल तिकिटं छापली जातात. तो केंद्राच्या मालकीचा. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करताना दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर चालते. महापालिकेत मात्र तेच तिकीट चालतं. हक्क एक, कायदा एक, दहा रुपये तेच. पण नियम प्रत्येक सरकार आपापले करतं.

तिसरी पायरी : कागदांची उतरंड समजून घ्या

वर संविधान. खाली अधिनियम, म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा. त्याखाली नियम. त्याखाली शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात. सगळ्यात खाली परिपत्रक. खालच्याने वरच्याला कापायचं नसतं. "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हा या उतरंडीत कुठेच बसत नाही, तरी सर्वात जास्त ऐकू येतो. तो ऐकलात की शांतपणे म्हणा, "साहेब, जीआर क्रमांक आणि तारीख सांगता का?" शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर मराठीत असतात, तारीख किंवा संकेतांक टाकून उतरवता येतात.

एक उदाहरण पैशांत मोजण्यासारखं. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ च्या अधिसूचनेने माफ आहे. २०१५ मध्ये तर राज्याने बऱ्याच कामांसाठी प्रतिज्ञापत्रच काढून टाकलं आणि साधं स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरवलं. तरीही महागडा मुद्रांक कागद घेऊन रांगेत उभे असलेले विद्यार्थी दर जूनमध्ये दिसतात. कोणी सक्ती केलेली नसते. बाहेरच्या टपरीवरून सुरू झालेली समजूत असते, आणि आतलं कोणी ती मोडत नाही.

चौथी पायरी : माहिती हवी की काम हवं?

इथे फार घोळ होतो. दाखला अडलाय म्हणून लोक माहिती अधिकार लावतात आणि महिना घालवतात. दाखला, परवाना, नोंद, जोडणी अशी सेवा हवी असेल तर रस्ता दुसरा आहे: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, त्यांची मुदत, शुल्क, जबाबदार अधिकारी आणि अपील कोणाकडे, याचा फलक लावायचा असतो. आधी त्या फलकाचा फोटो काढा. 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात अर्ज करा, क्रमांक जपून ठेवा. मुदतीत सेवा नाही मिळाली, किंवा कारण न देता नाकारली, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण दंड अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

फाइल नुसती पडून आहे असं कळलं तर २००५ चा आणखी एक राज्य कायदा आहे, बोलीभाषेत 'दप्तर दिरंगाई कायदा'. एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, असं तो सांगतो. अर्जात त्याचा नुसता उल्लेख केला तरी टेबलं हलतात, हा अनुभव.

वनजमिनीचा दावा हे तिसरंच प्रकरण. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडच्या घरांत हा विषय असतोच. वनहक्क कायदा २००६ चा. जमीन १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो, आणि कमाल मर्यादा ४ हेक्टर. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. कायदा होऊन अकरा वर्षं उलटल्यावरही दावे लटकलेले होते, म्हणूनच मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सहा दिवस चालत गेले. तुमचा दावा फेटाळला असेल तर तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवू नका. कारणांसह लेखी निर्णय मागा. वरच्या समितीकडे जाण्याची मुदत ६० दिवसांची असते.

पाचवी पायरी : माहितीचा अर्ज, शब्दाशब्दाने

माहितीचा अधिकार अधिनियम २००५. महाराष्ट्राने त्याआधी स्वतःचा असा कायदा केला होता, तेव्हा इथल्या कार्यालयांना ही गोष्ट नवी नाही. अर्ज 'जोडपत्र अ' या ठरलेल्या नमुन्यात, वर दहाचं तिकीट. दारिद्र्यरेषेखाली असाल तर शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडा. माहिती कशाला हवी हे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही; कलम ६(२).

माझा पहिला अर्ज घरासमोरच्या रस्त्याचा होता. मी तावातावाने लिहिलं होतं:

"आमच्या कॉलनीतील रस्ता का होत नाही? याला जबाबदार कोण? तो कधी होणार?"

सत्ताविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: अर्जातील मुद्दे प्रश्नार्थक स्वरूपाचे असल्याने माहिती देता येत नाही. मी चिडलो. मग कलम २(च) वाचलं आणि लक्षात आलं की चूक माझी होती. कायद्यातली 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे असलेलं साहित्य: अभिलेख, आदेश, अहवाल, नमुने. 'का' हे कपाटात नसतं. दुसरा अर्ज असा होता:

"अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या कामाबाबत, गेल्या तीन आर्थिक वर्षांतील पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात: १) कार्यारंभ आदेश, २) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ३) ठेकेदारास अदा केलेली देयके, ४) निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट."

बावीस पानं आली, दोन रुपये पानाप्रमाणे चव्वेचाळीस रुपये भरले. त्यात निघालं की रस्ता दीड वर्षापूर्वी केलेला होता आणि दोषदायित्वाचे सात महिने शिल्लक होते, म्हणजे खड्डे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचे. मग त्या पानाची प्रत जोडून साधं तक्रारपत्र दिलं. खडी पडली ती दिवाळीनंतर, पण पडली. 'का' चं उत्तर त्या बावीस पानांत होतं, फक्त 'का' असं विचारून ते मिळणार नव्हतं.

बाकीचं भराभर. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. हा महाराष्ट्राचा २०१२ पासूनचा नियम, मूळ कायद्यात नाही. शब्द मोजा, नाहीतर अर्ज परत करायला त्यांना कारण मिळतं. कालावधी नक्की लिहा. "आजपर्यंतची सर्व माहिती" लिहिणाऱ्याला सर्वसाधारण उत्तर मिळतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर घाबरू नका, त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पानं खूप असतील तर प्रती मागण्याआधी फाइल बघायला मागा. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघण्याची सोय ठेवायला सांगितलं आहे. हवीत ती पानं निवडा, तेवढ्यांच्याच प्रती घ्या.

एक दार मात्र अलीकडे अरुंद झालंय. कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीची सूट होती, पण तिला अटी होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तरच नकार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्या अटी काढून टाकल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल लागूही झाला. दुसऱ्याच कायद्याच्या शेवटाकडे बसवलेल्या एका ओळीने एवढं होतं. आता नावानिशी माहिती मागितली की 'वैयक्तिक' म्हणून नकार यायची शक्यता वाढली आहे. म्हणून माणसाबद्दल मागू नका, कामाबद्दल मागा. नकार आलाच तर कलम ८(२) शिल्लक आहे: हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात ते हित कोणतं, हे दोन वाक्यांत लिहा.

सहावी पायरी : पोच

अर्जाच्या दोन प्रती. एक बारनिशीत, म्हणजे आवक टेबलावर, द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. शिक्का अस्पष्ट उमटला तर पुन्हा मारून मागा. संकोच करू नका. "ठेवून जा, नंतर देतो" म्हणाले तर अर्ज उचला आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि पोहोचल्याची नोंद, दोन्ही जपा. पोच नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही आणि तो क्लार्क यांच्यात झालेलं बोलणं.

घरच्या कालनिर्णयवर तिसाव्या दिवसाला गोल करा. माहिती द्यायची मुदत ३० दिवस. प्रश्न कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तास. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते.

सातवी पायरी : अपील

उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, 'जोडपत्र ब', वीस रुपयांचं तिकीट. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. तेही नाही पटलं तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो. इथे मात्र धीर धरावा लागतो; तारीख लगेच लागत नाही.

"फाइल सापडत नाही" असं लेखी उत्तर आलं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ काढा. अभिलेख गहाळ करणाऱ्याला त्यात शिक्षा आहे. अपिलात तेवढी एक ओळ टाकल्यावर हरवलेल्या दोन फाइली मी स्वतः परत सापडताना पाहिल्या आहेत.

पोलिस ठाण्यात जायची वेळ आली तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. "आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवत नसतील तर लेखी तक्रार शहरात पोलिस आयुक्तालयात, ग्रामीणमध्ये अधीक्षकांना टपालाने पाठवा; त्यानंतर न्यायदंडाधिकारी. साक्षीसाठी स्त्रियांना आणि साठीच्या पुढच्या माणसांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी घ्यावा लागतो. अटक झाली तर कारण सांगणं, वकील भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणं, हे अनुच्छेद २२ मधलं आहे. ते देणं ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कामगार, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. धुळ्याहून आलेल्या त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "तिथे जाताना काय घालून जाऊ?" मी म्हटलं, काहीही घाल, आधार कार्ड, सगळ्या कागदांची झेरॉक्स आणि पोच पावत्या तेवढ्या पिशवीत टाक. आणि साडेदहाच्या आत पोच, नंतर गर्दी होते.